रिपोर्ट हातात आला, पण त्यातलं समजायचं काय? ठाणे-नवी मुंबईच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

नौपाड्यातल्या माझ्या वर्गाबाहेर शनिवारी सकाळी चपलांचा ढीग पडतो. प्रत्येक पालकाच्या काखेत प्लास्टिकचं फोल्डर, आत मुलाच्या शिकण्या-बोलण्याच्या तपासणीचा रिपोर्ट. बहुतेकांनी आदल्या रात्री मोबाइलवर वाचून ठेवलेलं असतं आणि वाचलेल्यातलं निम्मं अमेरिकेतलं असतं. तेच ते प्रश्न सोळा-सतरा वर्षं तोंडी सोडवल्यावर आता लिहून ठेवते आहे. मी विशेष शिक्षिका आहे, वकील नाही आणि डॉक्टरही नाही. जिथे त्यांचं काम आहे तिथे तसं म्हटलं आहे.

स्क्रीनिंग, असेसमेंट, निदान, सर्टिफिकेट: हे सगळं एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त रडारड याच घोटाळ्यातून होते. स्क्रीनिंग म्हणजे चाळण. बालवाडीच्या बाईंनी भरलेली वीस प्रश्नांची यादी किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत केलेली तपासणी यात मोडते. चाळणीत अडकलं म्हणजे खडाच आहे असं नाही, जाडा दाणाही अडकतो. असेसमेंट म्हणजे तो दाणा हातात घेऊन नीट बघणं: मूल काय करू शकतं, कुठे अडतं, कुणाची आणि किती मदत मिळाली की जमतं. निदान म्हणजे त्या सगळ्याला तज्ज्ञाने दिलेलं नाव. आणि सर्टिफिकेट हा सरकारी कागद. तो हक्क देतो, पण मुलाला शिकवायचं कसं याबद्दल त्यात एक ओळही नसते.

कळव्याची एक आई शाळेने दिलेला तपासणीचा कागद घेऊन आली होती. त्यावर 'धोका: जास्त' असं छापलेलं. तिने तीन रात्री झोप काढली नव्हती. तो कागद फक्त चाळणीचा होता. पुढे असेसमेंटमध्ये दिसलं की मुलाच्या कानात पाणी साठत होतं आणि त्याला बाई काय म्हणतात ते अर्धवटच ऐकू येत होतं.

म्हणून हातात कागद आला की आधी विचारा, हा चारांपैकी कुठला? आणि याने कुठलं दार उघडतं?

बुद्ध्यांक ८८ आला. म्हणजे आमचा मुलगा ८८ टक्के का?

बुद्ध्यांक म्हणजे टक्के नव्हेत. त्याची सरासरी १०० धरलेली असते आणि शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. म्हणजे ८८ हा त्याच गर्दीतला आकडा आहे. रिपोर्टमध्ये शेजारीच 'पर्सेंटाइल २१' असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून बाबांचा चेहरा उतरतो, कारण आपल्याकडे २१ म्हणजे नापास. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा. त्याच वयाची शंभर मुलं उभी केली तर आपलं मूल साधारण २१ जणांच्या पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय आकडा दगडावरची रेघ नसतो. मूल तापातून उठलेलं असेल, एसीत कुडकुडत असेल, तर चार-पाच गुण सहज इकडेतिकडे होतात. मी तर एकूण आकड्याकडे शेवटी बघते. आधी पोटचाचण्या, म्हणजे त्याच चाचणीचे छोटे छोटे भाग, बघते. शब्दांच्या चाचणीत ७४ आणि ठोकळ्यांच्या चाचणीत १०६ असं असेल, तर मधला नव्वदीचा आकडा कुणाचाच नसतो. एका पायात गमबूट आणि एका पायात चप्पल घालून सरासरी उंची काढल्यासारखं आहे ते.

कामत, मॅलिन, व्हाइनलँड: ही नावं कुणाची?

चाचण्यांची. बिने-कामत ही व्ही. व्ही. कामत यांनी परदेशी बिने चाचणीवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केलेली बुद्धिमापन चाचणी. मॅलिन यांनी नागपुरात वेक्स्लरच्या चाचणीचं भारतीय मुलांसाठी रूप केलं, तीच रिपोर्टमधली 'मिसिक'. व्हाइनलँड बुद्धी मोजत नाही. मूल स्वतः जेवतं का, बटणं लावतं का, रस्ता ओलांडतं का, असं रोजचं जगणं ती मोजते आणि उत्तरं पालकांनी द्यायची असतात. तिथे 'आमचा सगळं करतो हो' असं प्रेमापोटी सांगू नका. तुम्ही भरवता ते भरवताच म्हणून सांगा.

या चाचण्या जुन्या आहेत. पण त्याहून मोठी अडचण भाषेची. घरी मराठी, शाळा इंग्रजी आणि चाचणी घेणाऱ्या ताईंची भाषा हिंदी असं ठाण्यात सर्रास होतं. एका मुलीने कंगव्याच्या चित्राला 'फणी' म्हटलं आणि उत्तर चूक धरलं गेलं. रिपोर्टमध्ये 'शब्दसंपत्ती मर्यादित' असा शेरा. शब्दसंपत्ती कुणाची मर्यादित होती, हे त्या फणीलाच माहीत! चाचणी कुठल्या भाषेत घेतली हे रिपोर्टवर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारा.

गतिमंद, मतिमंद, स्लो लर्नर, एलडी: आमचा यातला कुठला?

'मतिमंद' हा शब्द २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नाही, त्याजागी 'बौद्धिक अक्षमता' आला. संस्थांच्या जुन्या पाट्यांवर तो अजून आहे. पाटी बदलायलाही मंजुरी लागते. बौद्धिक अक्षमता म्हणायला नुसता सत्तरच्या खालचा बुद्ध्यांक पुरत नाही, रोजच्या व्यवहारातही अडचण दिसावी लागते.

'गतिमंद' हा आपल्याकडचा मवाळ शब्द. कुणी तो बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतं, कुणी नुसत्या हळू शिकणाऱ्यासाठी. त्यामुळे समोरचा कुठल्या अर्थाने म्हणतोय ते विचारल्याशिवाय मान डोलावू नका.

एलडी, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता, हे वेगळंच प्रकरण. बुद्धी ठीक, तोंडी उत्तरं फटाफट, पण वाचन, लेखन किंवा गणित यातलं काहीतरी हट्टाने मागे राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती २१ प्रकारांपैकी एक आहे. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात एलडी नव्हती.

मधल्या मध्ये राहतात ते स्लो लर्नर, बुद्ध्यांक साधारण ७० ते ८४. त्यांना अभ्यास खरोखर जड जातो, पण त्या २१ प्रकारांत त्यांचं नाव नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त हाल याच मुलांचे होतात, कारण त्यांच्याकडे दाखवायला कागदच नसतो. यांपैकी काही जणांना मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, मानवतं. पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. 'मुक्तमधून दहावी' म्हटलं की आजी नाक मुरडतात, ते सोडून द्या.

मराठीत डिस्लेक्सिया असतो का? तो इंग्रजी स्पेलिंगचा आजार ना?

डिस्लेक्सिया म्हणजे एलडीतली वाचनाची अडचण. मराठीतही असतो, फक्त वेगळा दिसतो. इंग्रजीत एका अक्षराचे चार उच्चार, म्हणून मूल चुकीचं वाचतं आणि लगेच पकडलं जातं. मराठीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी बांधलेले असल्याने मूल कसंबसं बरोबर वाचतं, पण मुंगीच्या चालीने. चौथीतला मुलगा एकेक अक्षर सुटं करून 'पा…व…सा…ळा' वाचतो आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. बाई म्हणतात, येतं त्याला, आळशी आहे.

मी या जागा बघते. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांची अदलाबदल. वेलांटी, कारण 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. जोडाक्षरं. आणि र! सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा: एकच र चार कपडे घालून येतो. भल्याभल्या मोठ्यांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, तेव्हा नुसत्या त्यावरून एलडी ठरवू नका. पण तिसरी संपताना जोडाक्षर आलं की मूल पान उलटत असेल, तर तपासून घ्या.

मुलगी सात वर्षांची आहे. एलडीचं सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवू का?

मिळणार नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात. अठराव्या वर्षीचं कायमचं. मदत मात्र आजपासून सुरू करा, शिकवायला कुठलंच सर्टिफिकेट लागत नाही. दहावीच्या जानेवारीत धावत येणाऱ्या पालकांना मी हेच सांगते, फक्त तेव्हा जरा कडक आवाजात.

बोबडं, तोतरं आणि उशिरा बोलणं यात फरक काय?

आपल्या भाषेने हा फरक आधीच केलेला आहे. बोबडं म्हणजे उच्चाराचा प्रश्न: रिक्षाची 'लिक्षा', गाडीची 'दाडी'. तोतरं म्हणजे प्रवाहाचा प्रश्न: शब्द माहीत आहे, उच्चारही येतो, पण 'प-प-पाणी' असं अडखळतं. उशिरा बोलणं हा बहुतेक वेळा भाषेचा प्रश्न असतो.

मराठीत र, ळ, ण हे उशिरा पक्के होतात. चार वर्षांच्या पोराचा र कच्चा असेल तर चिंता नको. पण तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला बहुतेक कळतच नसेल, तर दाखवा. चाकातला च आणि चारमधला च वेगळा आहे, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलांना बरेच दिवस कळत नाही. तो दोष नव्हे. आणि 'जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या' हा सल्ला ऐकण्याआधी वाचातज्ज्ञांना विचारा. जिभेखालचा पडदा आखूड असूनही बरीच मुलं स्वच्छ बोलतात.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. तोपर्यंत घरच्यांनी एकच करायचं: 'सावकाश बोल', 'आधी विचार कर' म्हणायचं नाही आणि त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. सहा महिन्यांहून जास्त टिकला, किंवा बोलताना चेहरा आणि मान ताणली जाऊ लागली, तर थांबू नका.

उशिरा बोलण्याबद्दल घराघरात एक मामा असतो, 'तोही तीन वर्षांनी बोलला, आता बघा बँकेत आहे'. मामांचं अभिनंदन. पण वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' अशी जोडी आली नसेल, तर मामांची वाट न बघता तपासणी करा.

'रिसेप्टिव्ह ठीक, एक्स्प्रेसिव्ह कमी, इकोलेलिया आढळला.' हे मराठीत सांगाल?

समजतं बरंच, स्वतःहून सांगता कमी येतं. आणि विचारलं 'तुझं नाव काय?' तर उत्तरही येतं 'तुझं नाव काय?' तो इकोलेलिया, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं. पूर्वी तो मोडून काढायचा प्रयत्न व्हायचा. आता त्याकडे संवादाची पायरी म्हणून बघतात. कार्टूनमधलं वाक्य मूल नेमकं कधी म्हणतं हे टिपलं, तर त्याला काय हवंय ते पुष्कळदा उलगडतं.

त्याच रिपोर्टच्या खाली 'एएसी', म्हणजे बोलण्याच्या जोडीला किंवा बोलण्याऐवजी वापरायचं साधन, सुचवलेलं असतं. चित्रांचे तक्ते, खुणा, टॅबवरचं बोलणारं अॅप असं काहीही. त्याने मूल बोलायचं आळस करेल ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. अनुभव उलटा आहे.

बोलत नाही म्हणून गेलो, तर आधी कान तपासायला पाठवलं. वेळकाढूपणा आहे का हा?

अजिबात नाही. कान न तपासताच पुढे पाठवलं असतं तर मी नाराज झाले असते. 'टाळी वाजवली की वळतो' याला अर्थ नाही, टाळी मोठी असते. 'स' आणि 'श' बारीक असतात. ओएई ही कानाचा प्रतिसाद बघणारी झटपट चाचणी, बेरा ही आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी, मूल झोपलेलं असताना, आणि मोठ्या मुलांची चाचणी हेडफोन लावून. ही शेवटची चाचणी आवाजबंद खोलीतच व्हायला हवी. शाळेच्या वर्गात, बाहेर घोडबंदर रोड वाहत असताना केलेली तपासणी ही फक्त चाळण.

कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल ऐकू येण्याची हानी म्हणजे बधिर, आणि ६० ते ७० म्हणजे ऐकायला कमी येणारा. तुमच्या मुलाचे ४५ असले तर दिव्यांगत्वाचं कार्ड मिळणार नाही, पण वर्गात मागच्या बाकावर त्याला निम्मं कळणारही नाही. कायद्याची रेघ आणि मुलाची गरज एका जागी नसतात, याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

डॉक्टर म्हणाले घरी एकच भाषा बोला. मग इंग्रजी बोलायला लागू का?

एकापेक्षा जास्त भाषांमुळे वाचादोष होत नाही. तुम्हाला जी भाषा मनापासून, चिडताना आणि लाड करताना येते, ती बोला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत 'ईट फास्ट, कम फास्ट' ऐकणाऱ्या मुलाला भाषा मिळत नाही, फक्त हुकूम मिळतात. शिवाय आजीशी बोलणं तुटतं ते वेगळंच.

आयएसएएमध्ये ९८ आले. किती वाईट?

ती ऑटिझमसाठीची भारतीय मोजपट्टी, ४० मुद्द्यांची. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. म्हणजे ९८ सौम्य. सौम्य हा शब्द घरच्यांच्या थकव्याबद्दल काही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

इंटरनेटवर आयईपी, ५०४ प्लॅन वाचलं. शाळेकडे मागू का?

५०४ मागू नका. तो अमेरिकेतल्या १९७३ च्या कायद्यातला कलम क्रमांक आहे. एका बाबांनी घणसोलीतल्या शाळेत तो मागितला, तर क्लार्क म्हणाले, खोली नंबर ५०४ आमच्याकडे नाही. अमेरिकेत आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, हा शाळेवर कायद्याने बंधनकारक दस्तऐवज असतो. आपल्या २०१६ च्या कायद्यात तो शब्द नाही. पण कलम १६ मध्ये शाळांनी वाजवी सोयी आणि गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार द्यावा असं आहे, आणि चांगल्या शाळा त्यासाठी आराखडा करतातच. तेव्हा अर्जात 'कलम १६ प्रमाणे वैयक्तिक आधाराचा लेखी आराखडा द्यावा' असं लिहा. तोंडी बोलू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

शाळा म्हणते शॅडो टीचर तुम्हीच आणा, नाहीतर दाखला न्या.

शॅडो टीचर म्हणजे वर्गात मुलाच्या शेजारी बसून मदत करणारी व्यक्ती. कायद्यात असा शब्दच नाही. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के किंवा जास्त) असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. प्रत्यक्षात किती शाळांत आहे ते तुम्ही बघताच.

दाद मागायची तर दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुढे ५० हजार ते ५ लाख. पण खरं सांगू, बहुतेक प्रकरणं आयुक्तांपर्यंत जातच नाहीत. लेखी अर्जात कलमाचा आकडा दिसला की मुख्याध्यापकांचा सूर बदलतो.

डॉक्टरांनी ३५ टक्के दिले. ४० नाही म्हणजे सगळं संपलं?

चाळीस टक्के म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्वाची रेघ. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आणि सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण त्या रेघेच्या वर. पण वाजवी सोयी रेघेच्या खालीही आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्यांना लिहिताना हाताला पेटके येत आणि ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा ३५ टक्क्यांचा कागद फेकू नका.

शालेय परीक्षांमध्ये सोयी मंडळानुसार बदलतात: जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. अर्ज शाळेमार्फत आणि नववीतच करा.

उच्चार स्पष्ट नाहीत, तर 'वाचा व भाषा' प्रकारात सर्टिफिकेट मिळेल का?

बहुधा नाही. त्या प्रकाराची व्याख्या कायमस्वरूपी अक्षमतेची आहे: स्वरयंत्र काढलेलं असणं, पक्षाघातानंतरचा अफेजिया, म्हणजे भाषाच हरवणं, अशी शारीरिक किंवा मेंदूतली कारणं. शिकवून सुटणारा उच्चारदोष त्यात बसत नाही.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, फॉर्म भरताना जिल्हा कुठला? आम्ही नवी मुंबईत राहतो.

हा प्रश्न छोटा वाटतो, पण यात लोकांचे महिने गेले आहेत. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात! पत्त्यावर दोघांच्याही 'नवी मुंबई' लिहिलेलं असतं. स्वावलंबन पोर्टलवर आधारच्या पत्त्याप्रमाणे जिल्हा निवडा, नाहीतर अर्ज भलत्याच रुग्णालयाच्या यादीत जाऊन बसतो.

तपासणीला जायचं कुठे?

ऐकणं-बोलणं असेल तर वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. बौद्धिक विकासाच्या प्रश्नांसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं वाशीचं ईटीसी केंद्र त्या भागातल्या पालकांना पाठ आहे. खासगीत जायला हरकत नाही, फक्त तज्ज्ञांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक रिपोर्टवर बघा. 'बालविकास तज्ज्ञ' अशी नुसती पाटी असून क्रमांक विचारल्यावर चहा मागवणारेही मी पाहिले आहेत.

मुलगा अठराचा होतोय. आता वेगळं काही?

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर हो. अठरानंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही बघून ठेवा.

करात सूट मिळते का?

जुन्या करपद्धतीत करपात्र उत्पन्नातून ७५ हजार वजा होतात, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवू का?

नको. मागे शिक्का मारायची वेळ आली की पंचाईत होते. पावसाळ्यात चेन असलेल्या पिशवीत ठेवा, पाच रंगीत झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो. आणि मूळ रिपोर्ट कुठल्याही शाळेत जमा करू नका. 'नंतर देतो' म्हणाले तरी नाही.